अडणाऱ्या भीमथडी घोडीला खोगिराची सवय लावताना

मेंढपाळाच्या घोडीला ओझं नवं नसतं. दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढ्या आणि कुटुंबांचा तांडा, कोकणाकडे निघाला की तिच्या पाठीवर भांडीकुंडी, पाल, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू आणि वर एखादं पोर, असं सगळं बिऱ्हाड असतं. त्यामुळे लोकांना वाटतं, हिच्यावर खोगीर टाकलं की काम झालं. तसं होत नाही. ओझं गप्प बसतं. स्वार हलतो, पाय लावतो, लगाम ओढतो, आणि यातलं काही तिला कुणी कधी समजावलेलं नसतं.

आमची चंद्री अशीच. बारामतीकडची, भीमथडी या देशी जातीची, सव्वाचार फुटांच्या आसपास उंची, टणक खूर, आणि तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, दिसला की कान मागे पाडून पोट फुगवून उभी. मी मुलांना घोड्यावर बसायला शिकवते, तेव्हा अडणारी जनावरं पुष्कळ पाहिली. माझं मत ठाम झालंय : अडणारं तट्टू हट्टी असतं म्हणणाऱ्यानं आधी त्याच्या पाठीवरून हात फिरवावा.

म्हणजे अक्षरशः. आयाळ संपते तिथल्या उंचवट्यापासून कमरेपर्यंत कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत जा. कातडी थरथरली, पाठ खाली गेली, शेपटी झटकली, तर तिथे दुखतंय. काळ्या-तांबड्या अंगावर पांढऱ्या केसांचे ठिपके असतील तर तिथे कधीकाळी ओझ्यानं जखम झाली होती. चंद्रीला दोन्ही बाजूंना होते. मग तोंड. पशुवैद्याकडून दात तपासून घ्या. दाढांच्या पुढे कधीकधी एक बारीक दात असतो, त्यावर कडियाळं, म्हणजे लगामाची तोंडातली लोखंडी कांडी, आपटलं की जनावर मान झटकतं आणि आपण त्याला मस्तवाल म्हणतो. पुढचे सगळे दात बदललेले असतील तर घोडी साधारण पाच वर्षांची. त्याआधी स्वार नकोच, कण्याची हाडं तोवर वाढत असतात. खूर दीड-दोन महिन्यांनी नालबंदाकडून कापून घेत जा.

आता जमिनीवरचं काम. साधी म्होरकी, म्हणजे तोंडावरची दोरीची बांधणी, आणि तिला लावायची बारा-पंधरा फूट सुती दोरी, म्हणजे काढणी. नायलॉन हात कापतं. काढणी हाताला कधीही गुंडाळायची नाही. जागा मोकळी, मऊ मातीची, चहूबाजूंनी लाकडी कठडा असलेली. मेंढ्या कोंडायची जाळी, म्हणजे वाघर, कुणी सुचवेल. नको, जाळीत खूर अडकला तर पाय जाईल.

तिच्या खांद्याकडून जवळ जा. अगदी समोरून किंवा पाठीमागून नाही, तिथलं तिला दिसत नाही. काढणीला हलका ताण द्या आणि थांबा. ओढू नका. ती वजन पुढे टाकेल, एक खूर उचलेल, त्याच क्षणी ढील द्या. सगळं शिक्षण या ढिलीत आहे. ताणानं घोडी काहीच शिकत नाही, ताण सुटला तेव्हा आपण काय करत होतो हे ती लक्षात ठेवते. उशिरा सोडलात तर ती भलतंच शिकेल. ती मान वर फेकत असताना सोडलात तर मान फेकायला शिकेल. याच रीतीनं मागे सरकणं, मागचा भाग बाजूला नेणं, थांबणं. जे डावीकडून केलं ते उजवीकडूनही करा. ओझं नेहमी एकाच बाजूनं चढवलेली घोडी दुसऱ्या बाजूनं अगदी कोरी असते.

हे जमलं की काव्यावर धरा, म्हणजे लांब काढणीवर आपल्याभोवती गोल फिरवा, पण दहा मिनिटांच्या वर नाही आणि दोन्ही दिशांना. लहान गोल सांध्यांना जड जातो. घोडी दमवून वठणीवर आणायची पद्धत मला मान्य नाही : दमलेली घोडी ऐकते, पण दुसऱ्या दिवशी काढणी बघूनच पळते. मान खाली आली, तोंड चघळल्यासारखं हललं, श्वास सुटला, की त्या दिवसाचं काम तिथेच थांबवा.

खोगिराच्या आधी रिकामं पोतं. हुंगू द्या, खांद्यावर घासा, पाठीवर ठेवा, ती अस्वस्थ व्हायच्या आत काढा. मग नमदा, म्हणजे खोगिराखालची लोकरीची गादी, मग खोगीर, पाय ठेवायच्या रिकिबी काढून ठेवून. मोठ्या घोड्याचं जुनं खोगीर स्वस्तात मिळतं, पण या आखूड पाठीवर ते शेवटच्या बरगडीच्या मागे जातं. घेऊ नका. उंचवट्यावर दोन-तीन बोटं जागा मोकळी राहिली पाहिजे. पोट गोल असल्यानं उतारावर खोगीर मानेकडे सरकतं, त्याला दुमची लागते. पण शेपटीखालचा पट्टा हे वेगळं प्रकरण आहे, त्याची सवय स्वतंत्रपणे करा.

तंग एकदम आवळायचा नाही. खोगीर सरकणार नाही इतपत बांधा, चार पावलं चालवा, एक भोक चढवा, पुन्हा चालवा. शेवटी पुढचे पाय एकेक करून पुढे ओढा, म्हणजे तंगाखाली अडकलेली कातडी सुटते. चंद्रीचं पोट फुगवणं यानंच कमी झालं. गुडघा पोटात मारून तंग आवळणारे महाभाग अजून आहेत. त्यांच्या घोड्या चावतात.

स्वार आधी फक्त पोटावर आडवा झोपतो, हेल्मेट घालून, आणि खाली उतरतो. तेव्हा म्होरकी धरायला तिच्या ओळखीचा माणूस हवा. बांधून ठेवू नका. मग पाय टाकून बसणं, एक पाऊल, उतरणं. लगाम आला तरी सुरुवातीला म्होरकी आतून राहू द्या, आणि वळवायचं काम खालच्या माणसालाच करू द्या. ती अडलीच, तर टाचा मारू नका. खालच्या माणसानं मान थोडी बाजूला घ्यावी, एक पाय हलला की झालं.

वजनाचं गणित शेवटी, पण ते टळत नाही. स्वार आणि खोगीर मिळून घोडीच्या वजनाच्या 20 टक्क्यांवर जाऊ नये, आणि नवख्या पाठीला त्याहून कमीच. अडीचशे किलोच्या घोडीला ते 50 किलो होतात, म्हणजे शाळकरी पोर. फोटोसाठी बाप चढायला निघाला, तर त्याच्या हातात काढणी द्या आणि पोराला घेऊन फेरी मारायला लावा.