फूट-इंचांच्या मापावरून मीटरमध्ये माल कसा काढावा

माप घेतलंय फुटात आणि काँक्रीट मागवायचंय घनमीटरमध्ये. अशा वेळी 'मीटर म्हणजे तीन फूट धरा' असं सांगणारं कुणीतरी भेटतंच. अजिबात धरू नका. मीटर ३.२८ फुटांचा असतो. लांबीत हा फरक किरकोळ दिसतो, पण घनमीटरमध्ये २७ नव्हे, ३५.३१ घनफूट मावतात. म्हणजे १०० च्या जागी १३० चा माल येऊन पडतो.

लांबी, रुंदी, जाडी मोजून फूट-इंचातच लिहून घ्या.

आता जिथे बहुतेकांचा हिशेब फसतो ते: इंच. फुटाचे इंच बारा, दहा नव्हेत. १० फूट ९ इंच म्हणजे १०.७५ फूट, पण कॅल्क्युलेटरवर सर्रास १०.९ दाबलं जातं. ५ फूट १ इंच आणि ५ फूट १० इंच असे लिहिले तर ५.१ आणि ५.१०, दोन्ही एकच!

मी एका स्लॅबची ४ इंच जाडी ०.४ फूट धरली होती. खरी ०.३३. लांबी-रुंदी बिनचूक असूनही काँक्रीट २० टक्के जास्त आलं, आणि उरलेलं काँक्रीट परत जात नाही, जागेवरच घट्ट होतं. जाडीचा आकडा सर्वात लहान म्हणून घाईत लिहिला जातो, पण तो अख्ख्या क्षेत्रफळाला गुणतो. तो दोनदा तपासा.

तेव्हापासून मी दशांशातले फूट वापरतच नाही. आधी सगळ्याचे इंच करतो, मग प्रत्येक मापाला ०.०२५४ ने गुणतो. १२ फूट ६ इंच म्हणजे १५० इंच, ३.८१ मीटर. १० फूट ९ इंच म्हणजे १२९ इंच, ३.२७७ मीटर. ४ इंच म्हणजे ०.१०१६ मीटर. तिन्हींचा गुणाकार १.२७ घनमीटर. गुणाकार आधी आणि रूपांतर नंतर, असं करू नका, घनफुटांना ०.३०४८ ने गुणून मोकळे होणारे मी पाहिलेत, त्यांचं उत्तर पावणेअकरा पट येतं.

तुटफूट, म्हणजे वाया जाणारा माल, शेवटी, एकदाच धरा.

फरशीचं मात्र वेगळं. 'दोन बाय दोन' म्हणून मिळणारी टाइल बहुधा ६०० मिलिमीटरची असते, ६०९.६ ची नाही. ४०० चौरस फुटांना १०० नव्हे, १०४ टाइल लागतात, तेही कापाकापी सोडून. खोक्यावर छापलेले मिलिमीटर वाचा आणि त्यावरूनच नग काढा.