ठाण्यातून इंका ट्रेलची तयारी

आधी परवाना, मग विमानाचं तिकीट. पेरूतल्या माचू पिचू या प्राचीन इंका नगरीला नेणाऱ्या चार दिवसांच्या या वाटेवर हमाल-गाईड धरून दिवसाला ५००च माणसं सोडतात, तीही परवानाधारक एजन्सीबरोबरच. मे ते ऑगस्टसाठी पाच-सहा महिने आधी बुकिंग करा. फेब्रुवारीत वाट बंद असते. परवान्यावर पासपोर्टचा नंबर असतो. मध्येच पासपोर्ट नवा केलात तर एजन्सीला कळवा आणि जुनाही सोबत ठेवा, नाहीतर पहिल्याच नाक्यावरून परत फिरावं लागेल.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी. साधारण ३,००० मीटरवरून ४,२१५ मीटरच्या खिंडीत चढायचं, म्हणजे घोडबंदरच्या वीस मजली टॉवरचा जिना एका दमात वीसदा! येऊरची चढण दर रविवारी करा, पाठीवर ६ किलो घेऊन. जिनेही चढा, पण लिफ्टने खाली येऊ नका. गुडघे बोलतात ते उतरताना, खिंडीपलीकडच्या दगडी पायऱ्यांवर. काठीला रबरी टोपण हवंच, उघडं टोक चालत नाही.

विरळ हवेचा सराव मात्र ठाण्यात होत नाही, कळसूबाईही १,६४६ मीटरच. म्हणून ट्रेकआधी ३,४०० मीटरवरच्या कुस्को शहरात दोन-तीन दिवस नुसते राहा. डोकेदुखीबरोबर उलटी किंवा तोल जाणं सुरू झालं तर गाईडला लगेच सांगा आणि खाली उतरा. विरळ हवेच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा.

पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्या. परतताना विमानतळावर तिचं प्रमाणपत्र मागतात.