ऑफिसात फोनची पैज लावताय? आधी अटी ठरवा

‘माझा फोन दोन दिवस चालतो’ आणि ‘माझा अर्ध्या तासात फुल्ल होतो’ ही जेवणाच्या सुट्टीतली जुगलबंदी तोंडी कधीच मिटत नाही, मग सोलापुरातलं ऑफिस होटगी रोडवरचं असो की कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीतला. सरळ पैज लावा. हरणाऱ्यानं सगळ्यांना कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही आणायचं. अटी मात्र कागदावर लिहून घ्या, नाहीतर निकालानंतरच खरं भांडण सुरू होतं.

सगळ्यात जास्त वाद बॅटरीवरून होतात. चाचणी १०० टक्क्यांपासून सुरू करू नका. बरेच फोन १०० वर बराच वेळ अडून बसतात आणि मग भराभर उतरतात. ९० ला सुरू करा. एकच व्हिडिओ दोन्ही फोनमध्ये आधी उतरवून घ्या, एअरप्लेन मोड लावा आणि दोन तास चालवा. नेट चालू ठेवलं तर पत्र्याच्या शेडमध्ये रेंज शोधण्यातच बॅटरी जाते, फोनचा दोष नसताना.

ब्राइटनेसची पट्टी दोघांची निम्म्यावर ठेवली म्हणजे उजेड सारखा झाला, असं नाही. ऑटो-ब्राइटनेस बंद करा. दोन्ही स्क्रीनवर कोरं पांढरं चित्र उघडा, अंधाऱ्या खोलीत तिसऱ्या फोनचा लाइट सेन्सर (बहुधा पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो) स्क्रीनला टेकवा आणि लक्स, म्हणजे उजेड, मोजणाऱ्या अॅपमध्ये आकडा जुळेपर्यंत पट्टी सरकवा.

आता हिशेब. ६००० एमएएचचा (बॅटरीत किती चार्ज मावतो, त्याचं हे माप) फोन २० टक्के उतरला तर १२०० एमएएच गेले. ५००० चा २२ टक्के उतरला तर ११००. जास्त टिकला पहिला, कमी प्याला दुसरा. पैज नेमकी कशावर आहे, हे आधीच ठरवा. जुन्या फोनची बॅटरी झिजलेली असते, त्यामुळे तीन वर्षांचा फोन नव्याशी लढवणं म्हणजे निव्वळ चेष्टा.

चार्जिंगची शर्यत दोघांनी २० टक्क्यांवरून सुरू करावी. १०, २० आणि ३० मिनिटांचे आकडे लिहा. अॅडॉप्टर आणि केबल ज्याची त्याचीच हवी. खोक्यावरचे ६७ किंवा ८० वॅट सहसा कंपनीच्या जोडीवरच मिळतात, तेही थोडा वेळ. ८० टक्क्यांपुढे वेग पडतोच. शेजारच्या टेबलावरून उसना चार्जर घेतला की पैज तिथंच हरली.

सोलापूरचा एप्रिल-मे यात मोठा खेळाडू आहे. पारा ४० च्या वर गेला की तापलेला फोन चार्जिंग मंदावतो, स्क्रीनही अंधूक करतो. म्हणून सकाळी दहाच्या आत किंवा एसीत घ्या, कव्हर काढून, खिडकीपासून लांब. हाताला चटका बसला की चाचणी थांबवा, हट्ट नको.

कॅमेऱ्यासाठी चादर आणि टॉवेल हीच उत्तम परीक्षा. सोलापुरी चादरीची जॅकार्ड (विणतानाच उठवलेली) नक्षी एक मीटरवरून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता टिपा. मोठं करून बघितलं की कुठला फोन धागा दाखवतो आणि कुठला रंगाचा लगदा करतो, ते लगेच कळतं. पांढऱ्या टर्किश टॉवेलवर ट्यूबलाइटखाली रंग पिवळट येतो का, तेही बघा. कोपऱ्यातला फोनच्या नावाचा शिक्का आधीच बंद करा. फोटो व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो. फाइलच्या नावावरूनही फोन ओळखू येतो; नाव बदलून अ, ब करा आणि सगळे एकाच मॉनिटरवर दाखवा. पंच साहेबांना करू नका. त्यांच्या हातातल्या कंपनीलाच मतं पडतात.

नेटच्या वेगाची पैज एकाच कंपनीचं सिम, एकच जागा, एकच वेळ असेल तरच लावा. ५जीवर एकेका चाचणीत शेकडो एमबी उडू शकतात, तेव्हा पॅक बघून.

बॅटरीतला फरक दोन टक्क्यांपेक्षा कमी असेल तर बरोबरी धरा आणि भाकरी वर्गणीतून आणा.