वर्गात हवामान परिषद भरवायची असेल तर

मी अंबाजोगाईकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. लेकरांची हवामान परिषद भरवू म्हटलं की बहुतेक ठिकाणी तिची वक्तृत्व स्पर्धा होते. वसुंधरा वाचवा, टाळ्या, प्रमाणपत्रं, चहा-बिस्किटं. तेवढंच हवं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेतही बड्या नेत्यांची भाषणं होतात, पण ती बहुधा सुरुवातीलाच उरकतात. उरलेला वेळ एका कागदावरच्या ओळींसाठी भांडण्यात जातो. ते भांडण वर्गात आणायचंय.

आधीच्या आठवड्यात एक तासिका जायकवाडी धरणाच्या पाण्याच्या भांडणावर घाला. वरच्यांनी पाणी अडवलं आणि आम्ही कोरडे राहिलो, ही बाजू आमच्या पोरांना घरूनच पाठ असते. म्हणून त्यांना उलट्या बाजूला बसवा. कुणी नाशिकचा द्राक्ष बागायतदार, कुणी राहुरीचा ऊसवाला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे २०१४ साली ठरलेलं सूत्र फळ्यावर लिहा आणि गप्प बसा. सुरुवातीला पोरं चिडतात, आमच्याच विरोधात कसं बोलायचं म्हणून. मग एखादी मुलगी हळूच म्हणते, "सर, सोडलेलं निम्मं पाणी नदीतच मुरलं तर कुणाला मिळालं?" जमलं म्हणायचं.

तास संपताना एवढंच विचारा, की हे भांडण शेवटी तोडतं कोण? राज्याचं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आहे, त्याच्या वर उच्च न्यायालय आहे. हवामान परिषदेत वर कुणीच नाही. १९८ पक्षकार, म्हणजे करारात सामील देश आणि युरोपियन संघ, आणि कुणालाही दुसऱ्याचा हात पिरगाळून सही घेता येत नाही. मतदान कसं करायचं याचा नियमसुद्धा १९९५ च्या बर्लिनच्या पहिल्या परिषदेपासून आजतागायत मंजूर झालेला नाही. त्यामुळं सगळा कारभार सर्वसहमतीनं चालतो. वर्गातही मतदान अजिबात ठेवू नका. एकदा का हात वर करून मोजणी झाली की मोठा गट जिंकतो आणि खेळ तिथंच संपतो.

आता कागद. विषय एकच घ्या आणि तो पैशाचा घ्या. साल २०२४ धरा, अझरबैजानमधल्या बाकूची परिषद. २०२५ धरलं तर अमेरिका पॅरिस हवामान करारातून बाहेर पडायला निघालेली, आणि निम्मा वेळ त्यातच जातो. आधीची हकीकत थोडक्यात सांगा: श्रीमंत देशांनी २००९ साली कोपनहेगनला गरीब देशांसाठी २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करायचं कबूल केलं, आणि तो आकडा गाठला २०२२ मध्ये. मग हा मसुदा फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा:

विकसित देश विकसनशील देशांना २०३५ पर्यंत दरवर्षी [३००] [१३००] अब्ज डॉलर [देतील] [मिळवून देण्यात पुढाकार घेतील]. ही रक्कम [सरकारी तिजोरीतून] [सरकारी व खासगी अशा सर्व मार्गांनी] येईल [आणि ती कर्जाच्या रूपात नसेल].

चौकटी कंसात जे आहे ते ठरलेलं नाही. सगळे कंस पुसले गेले की परिषद संपली. खऱ्या मसुद्यांतही असेच कंस असतात, फक्त पानंच्या पानं.

चाळीसेक पोरांना सात गट पुरतात: अमेरिका, युरोपियन संघ, चीन, भारत, सौदी अरेबिया, तुवालू आणि अतिअविकसित देशांच्या वतीनं मलावी. प्रत्येक गटाला अर्ध्या पानाचं कार्ड द्या. त्यावर माणशी कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन टाका, म्हणजे अमेरिका वर्षाला १४ टनांच्या आसपास आणि भारत साधारण २ टन. तुवालूच्या कार्डावर लोकसंख्या सुमारे ११ हजार, आणि सगळ्यात उंच जागाही समुद्रापासून ५ मीटरच्या आत. आमच्या बऱ्याच लेकरांनी समुद्र पाहिलेला नसतो, पण ११ हजार वस्तीचं गाव त्यांना बरोबर कळतं. प्रत्येक कार्डावर एक ओळ गुपित ठेवा: काय झालं तर आपण सोडून द्यायला तयार आहोत.

वर्गातल्या पुढारी पोराला भारतच हवा असतो. त्याला युरोपियन संघ द्या. २७ देशांचं आधी घरातच जुळवायचं असतं, तिथं त्याची जिरते. भारताच्या गटाला बजावून ठेवा, की मलावी हा विकसनशील देशांच्या '७७ च्या गटात' तुमचाच साथीदार आहे आणि सौदीसुद्धा तिथंच आहे. एका सुरात बोलणं किती अवघड, ते त्यांना आपोआप कळतं.

अध्यक्ष मुलगा किंवा मुलगी असावी, आपण नाही. हातोडीच्या जागी डस्टर चालतो. "कुणाची हरकत? नाही. मंजूर," आणि ठक. यातला ठक किती लवकर करायचा ही खरी मेख. बाकूत ३०० अब्जांवर हातोडी पडली आणि भारताच्या चांदनी रैना यांना हरकत त्यानंतर मांडावी लागली. २०१० साली कॅनकूनला एकट्या बोलिव्हियानं शेवटपर्यंत नाही म्हटलं, तरी अध्यक्षांनी मंजूर म्हणून टाकलं. हे दोन्ही किस्से अध्यक्षाच्या कानात आधी सांगा, बाकीच्यांना नंतर.

तोडगा वर्गात निघत नाही, व्हरांड्यात निघतो. दर अर्ध्या तासानं दहा मिनिटं सगळ्यांना बाहेर सोडा. २०११ ला डर्बनमध्येही पेच सुटला तो सभागृहात मधोमध कोंडाळं करून, भारताच्या जयंती नटराजन आणि युरोपच्या कोनी हेडेगार्ड समोरासमोर उभ्या राहिल्या तेव्हा.

कोळसा घ्यावा का? पहिल्या वर्षी नको. आमच्या वर्गात परळीच्या औष्णिक केंद्रात बाप कामाला असलेली पोरं असतात. २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून ते केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. ग्लासगोत २०२१ साली भारतानं शेवटच्या क्षणी 'कोळसा बंद' ऐवजी 'कोळसा कमी' करून घेतलं, त्यावर या पोरांना बोलतं केलं की तासिका कमी पडतात. दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवा.

वेळ मात्र शनिवारची सलग हवी, किमान तीन तास. तरी पुरणार नाही. पाचच्या एसटीनं जाणाऱ्या मुली दप्तर आवरायला लागतात आणि जवळच राहणाऱ्या पोरांना मैदान मोकळं होतं. परिषद पुढच्या शनिवारवर टाकू नका, तशीच चालू द्या. २०१९ ला माद्रिदची परिषद जवळपास दोन दिवस लांबली, तेव्हा गरीब देशांचे कितीतरी प्रतिनिधी विमान चुकू नये म्हणून निघून गेले होते. फक्त त्या मुलींना कोणता गट द्यायचा, हे मुद्दाम ठरवा. मी त्यांना अमेरिका देतो. बलाढ्य देशाची खुर्ची रिकामी झाली की उरलेले कसे वागतात ते बघण्यासारखं असतं.

गुण देऊ नका. सोमवारी प्रत्येकाकडून अर्धं पान घ्या: कोणता कंस सोडला, कुणासाठी, आणि बदल्यात काय मिळालं. शेजारी बाकूचा खरा निर्णय लावा. त्यात ३०० अब्जही आहेत आणि १३०० अब्जही. पहिल्यासाठी श्रीमंत देशांनी पुढाकार घ्यायचा, दुसऱ्यासाठी सगळ्यांनी मिळून प्रयत्न करायचे. मुलांनी मात्र बहुतेक वेळा एकच आकडा ठेवलेला असतो.