पेंटबॉल गनला गोळी दिसेना?
पाचगणीच्या दमट हवेत जिलेटिनच्या गोळ्या फुगतात, आतच फुटतात आणि रंग सेन्सरच्या डोळ्यांवर (नळीत समोरासमोर बसवलेली, गोळी आली का ते इन्फ्रारेड प्रकाशाने ओळखणारी जोडी) बसतो. मग गन अडखळते. परवा मी उगाच बॅटरी बदलली!

गॉगल लावून आधी गोळ्यांचा डबा आणि हवेची टाकी काढा, उरलेली हवा सोडा. बाजूच्या झाकणपट्ट्या उघडताना खाली रुमाल अंथरा; गोळी अडवणारं इवलंसं रबर हमखास उडतं. ओलसर कापसाच्या काडीने दोन्ही डोळे पुसा, कोरडे करा.

तरी बिघाड असेल तर सेन्सर चालू ठेवून सेल्फी कॅमेऱ्यातून बघा. जांभळट ठिपका दिसला, तर इन्फ्रारेड दिवा जिवंत आहे. (कॅमेरा आधी टीव्हीच्या रिमोटवर तपासा.) नाहीतर पट्टीखाली वायर चेपलीय का पाहा.

थिनर अजिबात नको, प्लास्टिक खराब होतं.