रात्री दाढ ठणकतेय? या चुका टाळा

दिवसभर नुसती कुरकुरणारी दाढ अंथरुणावर पडताच ठणकू लागते, हा भास नव्हे. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि दाढेतल्या सुजलेल्या नसेला फुगायला जागाच नसते. त्यामुळे सपाट झोपून कूस बदलत राहू नका. दोन-तीन उशा घ्या, नाहीतर भिंतीला टेकून डुलकी काढा.

लवंगेचं तेल गुणकारी आहे, त्यातलं युजेनॉल दुखरा भाग बधिर करतं. पण बाटली थेट तोंडात उपडी केली की हिरडी भाजते. कापसाच्या इवल्याशा बोळ्यावर एक थेंब घ्या, जास्तीचं टिपा आणि किडलेल्या खड्ड्यातच ठेवा. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेपाशी दाबून ठेवणाऱ्यांचंही तेच होतं: हिरडी पांढरी पडून सोलते, आणि ठणका तिथल्या तिथे. मिश्री लावणं तर सोडाच.

गाल सुजला असेल तर गरम शेक नको. रुमालात बर्फ गुंडाळून बाहेरून दहा-पंधरा मिनिटं धरा.

खरा घोळ गोळ्यांत होतो. एका कॉम्बिफ्लामने भागलं नाही म्हणून लोक वर क्रोसिन, म्हणजे पॅरासिटामॉल, घेतात, पण आधीच्या कॉम्बिफ्लाममध्ये 400 मिलिग्रॅम आयबुप्रोफेनसोबत 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतंच. वेष्टनावरची नावं वाचा, दोन डोसांमधलं अंतर पाळा. अल्सर, किडनीचा त्रास, गरोदरपण किंवा डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन घेऊ नका. डब्यात उरलेलं अमॉक्सिसिलिनही नको. नस सुजल्याचा ठणका अँटिबायोटिकने थांबत नाही.

सगळ्यात महागात पडते ती वेगळीच चूक. पहाटे ठणका आपोआप थांबतो आणि माणूस सकाळची अपॉइंटमेंट रद्द करतो. कित्येकदा नस मेलेली असते, म्हणून दुखत नाही. जंतू मात्र मुळाशी पोहोचून पू धरतो. रूट कॅनलने भागलं असतं तिथे दाढच काढावी लागू शकते.

ताप, जबड्याखाली वाढती सूज, तोंड न उघडणं, गिळायला किंवा श्वासाला त्रास, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, थेट हॉस्पिटल गाठा. खालच्या जबड्यातल्या दुखण्यासोबत छातीत दडपण किंवा घाम असेल तरीही तेच. दुखणं हृदयाचं असू शकतं.

दवाखान्यात जाताना रात्री घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. डॉक्टर तेच आधी विचारतात.