पेट्रोल झिरपलेल्या जमिनीवरील शुद्धीकरणाची चाचणी

पेट्रोल झिरपलेली जमीन स्वच्छ करण्याची कोणतीही पद्धत संपूर्ण जागेवर राबवण्यापूर्वी तिची लहान प्रमाणात चाचणी घ्यावी. मातीतील पेट्रोलचे बाष्प शोषून घेण्याची पद्धत तपासताना एका बोअरवर ठिणगीरोधक निर्वात पंप बसवून, निरनिराळ्या अंतरांवरील निरीक्षण-नळ्यांतील दाब आणि बाहेर येणाऱ्या हवेतील बेंझिन या पेट्रोलमधील विषारी घटकाचे प्रमाण ठरावीक वेळाने नोंदवावे. पंप बंद केल्यावर मातीतील बाष्प पुन्हा वाढते का, हे पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण मातीत अडकून राहिलेले पेट्रोल तेव्हाच उघड होते. दख्खनच्या बेसाल्ट या काळ्या खडकात हवा मुख्यतः भेगांतूनच वाहते, म्हणून भूजलात हवा सोडण्याची पद्धत तिथे चाचणीशिवाय मुळीच स्वीकारू नये. पाण्याचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेच्या पेयजल मार्गदर्शिकेतील लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम बेंझिनच्या मर्यादेशी ताडून पाहावेत.